तिसरं नाव

विद्याधर चौबळांना इस्पितळातून घरी आणलं, तेव्हा सोसायटीच्या लिफ्टमध्ये त्यांचं स्वागत खुद्द त्यांनीच केलं. "नमस्कार. कृपया दारापासून दूर उभे राहा," छतातल्या जाळीतून त्यांचाच भरदार आवाज म्हणाला. चाकाच्या खुर्चीतल्या चौबळांनी मान वर करून जाळीकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच, "ब... ब..." बरोबर असलेल्या शेजारीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. खुर्चीमागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने, भारतीने, चौथ्या मजल्याचं बटण दाबलं.

पुण्यात राहून चौबळांचा आवाज टाळायचा म्हटलं तरी ते शक्य नव्हतं. जन्मभर रेडिओवर बातम्या वाचून निवृत्त होताना त्यांनी आपला आवाज एका कंपनीला देऊन टाकला होता. यंत्र त्या आवाजात हवं ते वाक्य बोलायचं. बँकेत, मेट्रोत, सरकारी खिडक्यांवर सगळीकडे तेच स्वच्छ उच्चार, प्रत्येक 'ण' आपापल्या जागी. त्या आवाजाला आता चौबळांची गरज उरली नव्हती, आणि चौबळांकडे तो आवाज सोडून बाकी काही उरलं नव्हतं. मेंदूच्या डाव्या भागातली एक रक्तवाहिनी तुंबली आणि सगळी भाषा धुऊन गेली. माणसं ओळखू येत, चहाची चव कळे, घरातली वाट सापडे. पण एकाही वस्तूचं नाव येईना, दुसऱ्याचं बोलणं समजेना, आणि अक्षरं म्हणजे नुसत्या रेघोट्या झाल्या होत्या.

लोक भारतीला विचारत, कसं वाटतंय? ती म्हणे, "काय सांगायचं." खरंच सांगता येण्यासारखं नव्हतं. तिला शांत वाटत होतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती तोंड उघडायच्या आधी विचार करत नव्हती.

ती मूळची कांता वानखडे, अमरावतीकडच्या अंजनगावची. लोकगीतं ध्वनिमुद्रित करायला आलेल्या तरुण चौबळांनी तिला गाताना ऐकलं आणि ते तिच्या वऱ्हाडी बोलीवर भाळले. असं त्यांनीच पुढे शंभर लोकांना सांगितलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने त्यांनी तिचं नवं नाव लिहिलं: भारती. म्हणजे वाणी. आणि ज्या बोलीवर भाळले, तीच बोली मग त्यांनी तिच्या तोंडातून वेचून वेचून काढायला घेतली.

लग्नाच्या पत्रिका उरल्या होत्या. त्यांच्या कोऱ्या बाजूचे चार-चार तुकडे कापून चौबळांनी कार्डं केली. एका बाजूला तिचा शब्द, दुसऱ्या बाजूला शुद्ध शब्द. गंज, पातेलं. टोंगळा, गुडघा. मले, मला. रोज सकाळी चहाच्या वेळी परीक्षा असे. चुकलं की चौबळ बोलत नसत, फक्त चमचा कपावर वाजवत. टिंग. ज्या कार्डावर चूक झाली ते दुसऱ्या दिवशी पुन्हा येई, बरोबर आलं तर चार दिवसांनी येई, मग महिन्याने. पद्धत अगदी शास्त्रशुद्ध होती. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांभार म्हणतात, तर पाहुणे जेवायला बसले की चौबळ हमखास म्हणत, "आमच्या हिला विचारा, सांभारावर काय भुरभुरवतात? सांभार!" पाहुणे हसत. भारतीही हसे. न हसून करते काय?

ह्या सगळ्याचं तिने काही वाटून घेतलं नसतं. माणसं ह्याहून वाईट नवऱ्यांबरोबर नांदतात आणि म्हातारपणी त्यांची कौतुकंही करतात. पण तिची आई गेली तेव्हाची गोष्ट तिच्या घशात अडकली होती. आई अंजनगावात शेवटच्या घटका मोजत होती, भावाने फोन तिच्या कानाला लावला होता. इकडे भारती जेवणाच्या टेबलाशी उभी, समोर चौबळ चहा पीत होते. "माय, मले..." ती म्हणाली, आणि टिंग झालं. त्यांनी मुद्दाम केलं की सवयीने, हे तिला कधीच कळलं नाही. पण तिची जीभ वळली. ती म्हणाली, "आई, मला ऐकू येतंय तुझं. मी येते आहे, तू काळजी करू नकोस." पलीकडून आईचा बारीक आवाज आला, "कोन बोलून राह्यलं बाप्पा? माही कांता कुठी हाय?" ती पोचायच्या आत आई गेली.

त्यानंतर एकदा, फक्त एकदाच, ती चौबळांना म्हणाली होती, "तुम्ही निदान 'माझं चुकलं' म्हणा." चौबळांनी वर्तमानपत्र खाली केलं. "काय चुकलं? कर्ता सांग, कर्म सांग," ते म्हणाले. तिला दोन्ही सांगता आलं नाही. तेवढे दोन शब्द ह्या माणसाकडून ऐकायचे आणि मग मरायला मोकळं व्हायचं, असं तिने त्या दिवशी ठरवलं. आणि आता तर त्याच्याकडे कुठलेच शब्द नव्हते.

रेश्मा मुजावर नावाची वाचा-उपचार करणारी मुलगी घरी येऊ लागली, तेव्हा भारतीला कळलं की शब्द परत येऊ शकतात. परत नव्हे, नवे.

"काकू, लहान मुलाचा मेंदू ओल्या मातीसारखा असतो," रेश्मा म्हणाली. "जे ऐकेल ते उमटतं. मोठेपणी मेंदूतल्या काही पेशींभोवती एक जाळी धरते, प्रथिनांची आणि साखरेची. ती शिकलेलं पक्कं करते. म्हणून मोठेपणी नवी भाषा शिकायला जीव जातो. नाकात घालायच्या ह्या थेंबांनी ती जाळी थोड्या भागापुरती विरघळते. त्या मुदतीला आम्ही कोवळीक म्हणतो. तेवढ्या दिवसांत काकांना भाषा शिकवायची. मग जाळी पुन्हा धरते आणि शिकलेलं कायमचं होतं."

"कायमचं म्हणजे?"

"म्हणजे मातृभाषेसारखं. पुसता येत नाही. आणि दुसऱ्यांदा कोवळीक आणता येत नाही, फिट्स येतात. एकदाच."

शिकवायचं कार्डांनी. टॅबलेटवर चित्र दिसणार, चौबळ बोलायचा प्रयत्न करणार, कार्ड उलटलं की शब्द ऐकू येणार. आणि नेमक्या त्याच क्षणी डोक्यावरच्या मऊ तारांच्या टोपीतून बारीकसा विजेचा ठोका जाऊन चित्र आणि शब्द एकमेकांना चिकटणार. त्या टोपीला भारती पहिल्या दिवसापासून टोपरं म्हणू लागली. चौबळांच्या हनुवटीखाली त्याचा बंद बांधताना तिला हसू आवरेना.

"आवाज ओळखीचा लागतो, वर्षानुवर्षं कानावर पडलेला," रेश्मा म्हणाली. "काकांच्या बाबतीत सोपं आहे. त्यांनी सगळ्यात जास्त ऐकलेला आवाज त्यांचा स्वतःचाच असणार. कंपनी तो द्यायला तयार आहे. शब्दांचा संचही तयार आहे, प्रमाण मराठीतला. तुम्हाला काही करावं लागणार नाही."

भारतीने चौबळांकडे पाहिलं. ते टोपरं घालून खिडकीबाहेर बघत बसले होते.

"नको," ती म्हणाली. "मीच बोलेन. आणि आमच्या घरच्या भाषेत बोलेन."

"उत्तमच. घरची भाषा लवकर धरते," रेश्मा बिचारी म्हणाली. तिला काय ठाऊक! "फक्त एक लक्षात ठेवा काकू. चित्रात जे दिसतं, त्याचंच नाव ऐकू आलं पाहिजे. माणसाचा फोटो असेल तर त्या माणसाचं नाव, बाकी काही नाही. माफी, आभार, राग, प्रेम हे कार्डावर शिकवायचं नसतं. ते पुढे वाक्यांत आपोआप येतं. आत्ता हा मेंदू अर्थ लावत नाही. नुसता चिकटवतो."

भारतीने मान डोलावली. तिचं लक्ष पहिल्या चित्राकडे होतं. ती कोथिंबिरीची जुडी होती.

दार लावून, माईक तोंडाशी धरून तिने पहिला शब्द उच्चारला, "कोथिंबीर." आणि ती स्वतःवरच चिडली. चौबळांनी काम चोख केलं होतं. तिची स्वतःची भाषा तिला शोधून काढावी लागत होती. सांभार आठवला, गंज आठवला, पण गुडघ्याचं चित्र आल्यावर ती अडली ती अडलीच. शेवटी संध्याकाळी नवऱ्याच्या पायाला तेल चोळताना शब्द हाताखालून वर आला. "टोंगळा!" ती मोठ्याने म्हणाली. चौबळ दचकले. ती तशीच तेलकट हातांनी माईककडे धावली.

मग तिला सूर सापडला. पाणी नव्हे, पानी. कोण नव्हे, कोन. होय नव्हे, हाव. माझं नव्हे, माह्यं. मराठीत ज्या माणसाचा उच्चार लोक प्रमाण धरत, त्याच्या रिकाम्या डोक्यात ती अंजनगाव भरत होती, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. उलट मजा येत होती, अशी मजा तिला तरुणपणीही आली नव्हती.

घरच्या माणसांच्या फोटोंपाशी ती थांबली. मुलीच्या फोटोवर 'ऋचा' म्हणून झालं. पुढचा फोटो तिचा स्वतःचा होता. खाली सूचना होती, पत्नीचे नाव. कोणतं? भारती हे नाव त्याने दिलेलं. त्याच्या तोंडून पुन्हा तेच ऐकायचं तर एवढा खटाटोप कशाला? आणि कांता म्हणणारं माणूस फोनच्या पलीकडे तिला शोधत शोधत मेलं होतं. ते नाव त्याच्या तोंडी द्यायला तिचा जीव होईना. ती बराच वेळ आपल्याच चेहऱ्याकडे बघत बसली. ह्या चेहऱ्याकडे बघून त्याने जन्मात एकदा काय म्हणायला हवं होतं?

तिने माईक उचलला. "माह्यं चुकलं," ती म्हणाली. रेश्माचं बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं. नंतर बदलू, असंही तिने मनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. नाकात थेंब, डोक्यावर टोपरं, समोर चित्र. चौबळ सुरुवातीला टॅबलेट ढकलून देत, भिंतीकडे तोंड करत. तेव्हा भारतीने चहाचा कप पुढ्यात ठेवला आणि चमचा घेतला. चूक झाली की टिंग. गप्प बसले की टिंग. त्या आवाजाचा अर्थ त्यांना कळत होता की नाही कोण जाणे, पण त्यांचे खांदे आक्रसत. हे तिला दिसत होतं, आणि तरीही तिने चमचा खाली ठेवला नाही. ती त्यांना आता 'तू' म्हणू लागली होती. लहान मुलाला कुणी 'अहो' म्हणतं का?

शब्द धरू लागले. आधी पानी, मग भाकर, मग "मले भूक लागून राह्यली." शब्दांपाठोपाठ, रेश्मा म्हणाली होती तशी, वाक्यं आपली आपण जुळू लागली. आवाज तोच होता, तोच बातम्यांचा भरदारपणा. त्या आवाजात "टोंगळा दुखते माहा" हे ऐकताना भारतीला पोट धरून हसावंसं वाटे, आणि एकटी असली की ती हसतही असे.

चौबळांचे जुने चाहते अरविंद पळनिटकर भेटायला आले. ते 'वाग्विलास मंडळा'चे कार्यवाह. मंडळाचा वाणीसाठीचा पुरस्कार यंदा चौबळांना द्यायचं आजारपणाच्या आधीच ठरलं होतं, आणि आता तो रद्द करायचा तर कुणी करायचा, म्हणून तो तसाच द्यायचं ठरलं होतं. भारतीने पोहे आणले. चौबळांनी बशीतल्या हिरव्या पानांवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सांभार."

पळनिटकर जुन्या सवयीने खो खो हसले. मग त्यांचं हसू मध्येच थांबलं, आणि ते भारतीकडे बघू लागले.

"खा ना," ती म्हणाली. "सांभार ताजा हाय."

तिचा फोटो असलेलं कार्ड चौबळांना फार दिवस जमत नव्हतं. तिने त्याच्यासाठी चमचा सगळ्यात जास्त वाजवला. आणि मग एका सकाळी, टोपरं नाही, टॅबलेट नाही, ती त्यांच्या अंगावरची चादर सारखी करत असताना त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माह्यं चुकलं."

भारती पलंगाच्या काठावर बसली. कर्ता नव्हता, कर्म नव्हतं, पण शब्द होते, आणि ते तिच्या आईच्या भाषेत होते. ती हमसून हमसून रडली. चौबळांनी तिचा हात धरला आणि पुन्हा म्हणाले, "माह्यं चुकलं." "झालं रे, झालं," ती म्हणाली, "सोडून दिलं मी." त्या दिवशी तिने त्यांच्यासाठी भाकरी आणि चून, म्हणजे पिठलं, केलं, आणि चमचा धुऊन कायमचा फडताळात ठेवून दिला. पुढचे कितीतरी दिवस ती सुखात होती. स्वतःच शिकवलेलं वाक्य ऐकून माणूस एवढं सुखी होऊ शकतं, ह्याचं तिला नवल वाटलं नाही. देवळात आपणच वाहिलेलं फूल प्रसाद म्हणून आपण परत घेतोच की.

कोवळीक सरत आली तेव्हा ऋचा बंगळुरूहून आली. ती बापाची लाडकी. बापाला डोक्यावर घेऊन आणि आईच्या बोलण्यावर हसून मोठी झालेली. दारातच तिने वडिलांच्या तोंडून वऱ्हाडी ऐकली आणि तिचा चेहरा पडला. पण त्याहून वाईट तिला दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं.

"आई, बाबा दिवसभर तुझी माफी मागतायत," ती म्हणाली. "तू स्वयंपाकघरात गेलीस की मागतात, आलीस की मागतात. चहा देतेस तेव्हा मागतात. आणि तू नुसती 'हो' म्हणून पुढे जातेस. एवढं काय केलं गं त्यांनी? आता तरी माफ कर."

"केलंय मी माफ."

"मग ते थांबत का नाहीत?"

पश्चात्ताप मोठा असेल, असं भारतीने मनाला समजावलं. पण तेही तिला आतून पटत नव्हतं, आणि ती पिशवी घेऊन भाजीला निघून गेली. परत येऊन तिने किल्लीने दार उघडलं, तेव्हा आतून चौबळांचा आवाज येत होता. ते ऋचाशी बोलत होते.

"माह्यं चुकलं कुठी गेली?"

"बाबा, पुरे ना आता," ऋचा रडवेली होऊन म्हणत होती. "आई येईल एवढ्यात."

"माह्यं चुकलं आली का मंग मले च्या दे म्हना."

भारतीच्या हातातली पिशवी खाली आली. गेली. आली. चुकलं गेलं नव्हतं, चुकलं आलं नव्हतं. चुकलं गेली होती. बाकी सगळं पुसलं गेलं तरी हा माणूस लिंग-वचनात चुकणाऱ्यातला नव्हता. तिने एवढे दिवस जी माफी कानांत साठवली होती, ती माफी नव्हती. तो तिला हाक मारत होता. चहा हवा म्हणून, खिडकी लाव म्हणून, कंबर दुखते म्हणून. ते तिचं नाव होतं.

त्याच दुपारी तिने रेश्माला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. रेश्मा आधी ऐकत राहिली, मग तिचा पारा चढला.

"काकू, मी तुम्हाला एवढंच सांगितलं होतं. एवढंच!"

"अजून बदलता येईल ना? कांता म्हणायला शिकवते. आजपासून."

"जाळी धरत आलीय. आता तो धागा उसवायचा तर चेहराही बरोबर जाईल. नाव गेलं आणि चेहराही गेला तर ते तुम्हाला ओळखणारच नाहीत. घरात एक परकी बाई फिरतेय, असं त्यांना मरेपर्यंत वाटत राहील. करायचंय?"

भारतीने विचारलं, "नाव राहू दे. पण त्या शब्दांचा खरा अर्थ? तो नंतर कळेल का त्यांना?"

रेश्माचा राग ओसरला. ती भारतीच्या शेजारी बसली. "काकू, त्यांच्या भाषेत ते शब्द आता तुम्ही आहात. त्यांना आत काय आठवतं, काय नाही, मी सांगू शकत नाही. कदाचित सगळं आठवत असेल. पण उद्या खरोखर कबूल करावंसं वाटलं, तर करायला शब्द नाहीत त्यांच्याकडे. होते तेवढे खर्च झाले."

बैठकीतून हाक आली, "माह्यं चुकलं!" भारती उठली. कंबरेमागची उशी सरकली होती. तिने ती सारखी करून दिली.

ऋचाला तिने काही सांगितलं नाही. मुलीच्या लेखी ती मन घट्ट केलेली बाई होती. टोपरं घातलेल्या आजाऱ्यापुढे चमचा वाजवणारी बाई म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं होतं.

पुरस्काराच्या दिवशी सभागृह भरलं होतं. चौबळांना जरीच्या उपरण्यात व्यासपीठावर बसवलं होतं, भारती आणि ऋचा पहिल्या रांगेत. सुरुवातीला पडद्यामागून चौबळांच्याच आवाजात चौबळांचा परिचय झाला. कंपनीने तो खास करून दिला होता. "मराठीला आपल्या निर्दोष वाणीने..." असं काहीसं तो आवाज म्हणत होता. चौबळ इकडे-तिकडे बघत होते. मग पळनिटकरांनी शाल घातली, आणि कुणाला कसली हौस, त्यांच्यासमोर माईक धरला.

एवढी माणसं, एवढे दिवे. चौबळ घाबरले. त्यांची नजर रांगांवरून फिरत फिरत भारतीवर आली आणि तिथे थांबली.

"माह्यं चुकलं," ते म्हणाले.

त्यांचा आवाज अजूनही भरदार होता आणि शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला. त्यांनी दोन्ही हात तिच्याकडे पसरले. "ए माह्यं चुकलं! माह्यं चुकलं, मले घरी ने!"

आधी एक बाई उभी राहिली, मग रांगच्या रांग. टाळ्या थांबेनात. पळनिटकरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "ज्या बोलीला सर आयुष्यभर हसले," ते माईकमध्ये म्हणाले, "आम्हीही हसलो, त्याच बोलीत ते आज सर्वांसमोर क्षमा मागतायत. ह्याहून मोठं भाषण ह्या व्यासपीठावर झालं नाही." ऋचा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. "आई, आता तरी," ती म्हणाली. कुणीतरी दुसरा माईक भारतीच्या हातात दिला. सगळे वाट बघत होते.

सगळं सांगून टाकावं, असं तिला वाटलं. ही माफी नाही, हे माझं नाव आहे आणि ते मीच ठेवलंय. पण समोर तो माणूस हात पसरून बसला होता आणि त्याला घरी जायचं होतं. ह्या एवढ्या गर्दीत त्याला ओळखीची एकच गोष्ट सापडली होती, आणि तो तिला तिच्या नावाने हाक मारत होता. नाव घेऊन बोलावलं तर माणूस जे करतं, तेच तिने केलं.

"ओ," ती म्हणाली. "आली."

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. लोकांना वाटलं, क्षमा झाली.

घरी परतताना ऋचा मागे राहून गाडीवाल्याशी बोलत होती. भारतीने खुर्ची लिफ्टमध्ये घेतली. दार मिटलं. "नमस्कार. कृपया दारापासून दूर उभे राहा," जाळी म्हणाली.

चौबळांनी मान वर केली. ते लक्ष देऊन ऐकत होते, पण ते 'कृपया' आणि ते 'उभे राहा' त्यांना परक्या मुलखातलं वाटलं असावं. त्यांनी भारतीचा पदर ओढला.

"माह्यं चुकलं."

"ओ."

"हा कोन व्हय? काय म्हनून राह्यला?"

भारती जाळीकडे बघत राहिली. पैसे भरले तर तो आवाज हवं ते वाक्य, अगदी 'माझं चुकलं'सुद्धा, बोलला असता. ऋचाने तसं एकदा सुचवलंही होतं, वाढदिवसाला बाबांच्या खऱ्या आवाजात काहीतरी करून घेऊ म्हणून.

"ज्यानं म्हनाले पाह्यजे होतं, थो," ती म्हणाली.

चौबळांना त्यातलं काही कळलं नाही. "हाव," ते समजूतदारपणे म्हणाले आणि तिचा पदर हातात धरून बसले. चौथा मजला आला. जाळीने धन्यवाद म्हटलं. भारतीने खुर्ची बाहेर काढली आणि दाराची किल्ली शोधू लागली.